पुनवेच्या गोळ्या

चांदण्यात माणसाचा लांडगा होतो अशी गोष्ट कुणी हातात दिली, की मी आधी चंद्र तपासते. लांडग्याचं नंतर पाहू. बहुतेक लेखकांचा चंद्र कच्चा निघतो. एकानं पूर्ण चंद्र मध्यरात्री उगवलेला दाखवला होता. अरे बाबा, पुनवेचा चंद्र सूर्य बुडता बुडता वर येतो, दिवेलागणीला तो चिंचेच्या मागे दिसायला लागतो. मध्यरात्री उगवतो तो वद्य अष्टमीचा, अर्धा. दुसऱ्या एकाच्या कादंबरीत आठवड्याभरात दोन पुनवा होत्या. नायिका अडचणीत सापडली की ह्यांना चंद्र हवा, मग तिथी गेली उडत. घरात कुणी हसलं की मी म्हणते, हसा, तुम्हाला कधी चंद्र मोजावा लागला नाही.

ह्या कथांचा नियम तसा सोपा असतो. चंद्र वाढत जातो तसा तो माणूस बेचैन होतो. अष्टमीनंतर त्याला दूरचे वास येतात, आवाज सहन होत नाहीत. चतुर्दशीला अंग तापतं, आणि पुनवेला हाडं कडाकडा मोडून लांडगा बाहेर पडतो. मग चंद्र उतरेल तसा लांडगाही उतरतो. अवसेला तो तुमच्याआमच्यासारखा माणूस, त्याच्यापासून कुणाला भय नाही आणि त्यालाही कसलं नाही. कुणी लेखक लांडग्याला एकच रात्र देतो, कुणी तीन देतो, कुणी ग्रहणाची भर घालतो. पण अवस मात्र सगळ्यांची सारखी असते. अवस म्हणजे सुटका.

गोष्टीत कुठलाही नियम चालतो, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण आमच्या घरात हा नियम राहायला आला होता, आणि तो माझ्या भावाला घेऊन गेला. त्याचा राग मला अजून आहे.

आमचा विणकरांचा मोहल्ला वैनगंगेच्या काठी. घरोघरी माग. बाबा आणि माझा मोठा भाऊ, दोघं मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर विणत. माय आणि मी ओसरीवर चरखा फिरवून कांड्या भरत असू, आणि दुपारी शेजारची काकूही आपला चरखा घेऊन आमच्याकडेच येई. सत्तरच्या दशकातली मधली वर्षं. मी मॅट्रिकपर्यंत गेलेली, म्हणून वाचायचं काम माझ्याकडे. एस.टी. स्टँडजवळ भाड्यानं पुस्तकं देणारं दुकान होतं. तिथून मी रहस्यकथा, भुताच्या कथा, मिळेल ते आणत असे आणि एका हातानं चरखा फिरवत मोठ्यानं वाचत असे. पानं उलटायची असली की काकू माझा चरखा फिरवायची.

त्यातच ते पुस्तक आलं. परदेशातला बर्फाळ डोंगर, एक सालस तरुण, आणि पुनवेला होणारा त्याचा लांडगा. मुखपृष्ठावर केसाळ हात आणि हा मोठा चंद्र.

"पुनवेले?" काकूनं चरखा थांबवला. "पुनवेले कायले बदलते व तो? आपल्याकडं त सारं अवसेले निंगते."

"तिकडचा लांडगा उजेडाबिगर चालत नसन," माय म्हणाली.

"मंग त्याच्यापुढं पेट्रोमॅक्स धरला त चालन का?"

हसून हसून आमचे धागे तुटले. आतून भाऊ ओरडला, "जोरानं वाच ना वं! धोट्याच्या आवाजात काही ऐकू नाही येऊन राहिलं." त्याला ते पुस्तक फार आवडलं. विशेषतः अवसेचं प्रकरण, ज्यात तो तरुण मोकळा होऊन गावच्या जत्रेत जातो आणि सगळ्यांबरोबर जेवायला बसतो. ते त्यानं माझ्याकडून पुन्हा वाचून घेतलं होतं.

त्या वर्षी कोजागरीला, दुपारी, दुधासाठी चारोळी निवडत बसलो होतो, तेव्हा आतला माग एकदम थांबला. माग थांबतो तो धागा तुटला की, पण मग विणणारा पुटपुटतो, फणीशी काहीतरी खटपट करतो. इथं काहीच आवाज नाही. जाऊन पाहिलं तर भाऊ खड्ड्यात वाकडा पडलेला. हातपाय ताठ, डोळे वर, सगळं अंग उडत होतं. जीभ दातात सापडली होती आणि तोंडातून रक्ताचा फेस येत होता. धोटा त्याच्या छातीवर पडला होता. बाबा नुसते त्याचं नाव घेऊन ओरडत होते.

दुसऱ्यांदा आलं ते त्रिपुरी पुनवेला. ह्या वेळी ओसरीवर, सगळ्यांसमोर. काकूनं त्याचं रक्ताळलेलं तोंड पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"आज पुनव आहे ना वं?" ती हळूच म्हणाली.

झालं. संध्याकाळपर्यंत मोहल्लाभर झालं. मधे एकदा तो न्हाणीच्या दगडावर पडला होता, तेव्हा पुनवेला चांगला आठवडा होता. पण त्याला आम्ही पाय घसरला असं म्हटलं. माणसाला जे पाहायचं असतं त्याचा हिशोब तो बरोबर ठेवतो, उरलेलं झाडून टाकतो. आज लोक मला म्हणतात, तू ते पुस्तक वाचलं नसतंस तर. मी ऐकून घेत नाही. पुनवेला वेड्याचं वेड वाढतं हे आमच्याकडं त्या पुस्तकाच्या आजोबाच्या आधीपासून म्हणतात. पुस्तकानं फक्त त्याला केस लावले.

बाबांनी त्याला भंडाऱ्याला नेलं. डॉक्टर भला माणूस होता. मिरगी आहे म्हणाला, गोळ्या दिल्या. सकाळ-संध्याकाळ घ्यायच्या, वर्षानुवर्षं घ्यायच्या. तो हिवाळा आणि पुढचा उन्हाळा भाऊ ठीक राहिला. पुनवा आल्या आणि गेल्या, काही झालं नाही. आम्ही जवळजवळ विसरलो होतो.

पण त्या गोळ्यांनी त्याला गुंगी यायची. मागावर बसल्या बसल्या डोळे मिटायचे, काठाची नक्षी चुकायची. बाबा चिडायचे, आणि तो मान खाली घालून पुन्हा उसवत बसायचा. तेवढ्यानं मायचा जीव तुटे. गोळ्या गरम पडतात, रक्त आटवतात, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. एक दिवस तिनं भाजी निवडता निवडता निर्णय सांगून टाकला.

"पुनवेले येते ना त्याले? मंग महिनाभर कायले पोट्ट्याले जहर चारायचं? चौदसीले सुरू करू, पाडव्याले बंद. बाकीचे दिवस मोकळा राहू दे त्याले."

आणि हे आम्हा सगळ्यांना पटलं. आज कुणाला खरं वाटणार नाही, पण त्या घरात ते अगदी रीतसर वाटलं. एकादशीला एकादशीचा उपास, चतुर्थीला चतुर्थीचा, तशा पुनवेला पुनवेच्या गोळ्या. सोमवारचा उपास कुणी गुरुवारी करतं का? मायनं गोळ्यांचा डबा देव्हाऱ्यात पंचांगाशेजारी ठेवला. चतुर्दशीला ती आंघोळ करून, दिवा लावून, मग त्याच्या हातावर गोळी ठेवी.

पहिल्याच महिन्यात, गोळ्या बंद केल्यावर, तृतीयेला त्याला आलं. कधी नव्हे इतकं जोरात. एकामागून एक.

माय हादरली, पण डगमगली नाही. "पुनव सरकून राहिली," म्हणाली. पुढच्या महिन्यात तिनं गोळ्या चतुर्थीपर्यंत लांबवल्या. तर षष्ठीला आलं. मग तिनं पुनव सोडून षष्ठी-सप्तमी धरली, तर ते पुन्हा पुनवेला आलं. गोळी मागे आणि फेफरं पुढे, असा पाठलाग सुरू झाला. माय पंचांग उघडून बोटानं तिथ्या मोजत बसे, कधी मला वाचायला लावी, कधी माझ्यावरच खेकसे की तू नीट वाचत नाहीस. तिला वाटायचं, ह्याच्यात काहीतरी नियम आहेच, तो एकदा हाती लागला की पोरगा वाचला. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं. मी सांगते, त्या घरात रोज चूल पेटत होती, माग चालत होता, पण आम्ही सगळे बुडत होतो.

सगळ्यात वाईट हे झालं की भावालाही ते खरं वाटायला लागलं. शुद्धीवर आला की तो आधी तोंडावरून हात फिरवायचा आणि हाताला लागलेलं रक्त पाहायचा. "कोनाले चावलो?" हा त्याचा पहिला प्रश्न. मी ओरडून सांगायची, "तुहीच जीभ आहे रे, तुहंच रक्त आहे." तो मान हलवायचा. लाखांदूरकडची एक सोयरीक आली होती, भाताच्या बांध्या असलेलं खातंपितं घर, मुलगी चांगली. बाबांची फार इच्छा होती. भावानं नाही म्हटलं. बाबांनी कारण विचारलं तर म्हणाला, "ती शेजारी झोपलेली असन, अन् मी चावलो त?" बाबा उठून बाहेर गेले.

पुनवेच्या दिवशी ऊन उतरलं की तो आपणहून मागाच्या खांबाशी जाऊन बसे आणि ताण्याची दोरी पुढे करी. "बांधा जी बाबा." पुस्तकातला तो तरुण स्वतःला साखळीनं बांधून घेत असे. बाबा बांधायचे. गाठ ते सैलच मारायचे, आणि भाऊ म्हणायचा, "अजून आवळा." मी ते पुस्तक कधीच परत केलं होतं, पण त्याचा काही उपयोग नव्हता.

अवस मात्र आमची होती. अवसेला आमच्या मोहल्ल्यात माग बंद. धोट्याला कुणी हात लावत नाही. मोहल्ल्यातल्या बायका त्या दिवशी दारावर लिंबू-मिरची बांधत, लेकरांना चिंचेखाली जाऊ देत नसत, दिवस कलला की दारं लावून घेत. आणि आमच्याकडे सण. माय भजी तळायची. तिच्या कपाळावरची आठी त्या एका दिवशी उतरायची. इतर दिवशी भाऊ परसात गेला तरी बाबा किंवा मी मागे असायचो. नदीला तर त्याला एकटा जाऊच देत नव्हतो. पण अवसेला तो मोकळा. चंद्रच नाही तर काय होणार? सकाळी गरम भजी तोंडात कोंबून तो टॉवेल खांद्यावर टाकी आणि शीळ घालत एकटाच नदीकडं निघे. काकू त्याला दारातून टोकायची, "अवसेचा नदीवर नोको जाऊ रे." तो हसून म्हणायचा, "काकू, तुह्या भुताईले सांग, आज माह्यी सुट्टी आहे."

माघातली अवस होती. ऊन चांगलं पडलं होतं. माय तिसरा घाणा काढत होती तेव्हा नदीवर मासे धरणाऱ्या ढिवरांनी त्याला आणला, चार जणांनी धरून. मांडीएवढं पाणी होतं तिथं, ते सांगत होते. मांडीएवढं. दुरून त्यांना वाटलं, डुबी मारून राहिला.

मायनं झारा हातातच धरला होता. "आज त अवस आहे," ती त्यांना म्हणाली, जणू ते चुकीच्या घरी आले होते. "आज कसं होईन? आज अवस आहे ना बाप्पा." बायका तिला धरू लागल्या तर तिनं सगळ्यांना झटकलं आणि मला देव्हाऱ्याकडं ढकललं. "पंचांग पाह्य. नीट पाह्य. तू चुकली असशीन." भाऊ अंगणात ओला पडला होता आणि मी पंचांग उघडून उभी होते. अवसच होती. मी तिला दाखवलं. तिनं पुन्हा पाहायला लावलं, मी पुन्हा दाखवलं. सावडून आल्यावरही ती ते पान काढून बसली होती.

दिवसकार्य झाल्यावर बाबा भंडाऱ्याला डॉक्टरकडं गेले. भांडायला गेले होते, तुमच्या औषधानं माझा मुलगा का नाही वाचला म्हणून. परत आले ते थेट नदीच्या बाजूनं आले आणि मला परसात बोलावलं. माय आत झोपली होती.

"रोज द्याच्या होत्या," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणे, चंद्राचा काही संबंध नाही. रोज घेतल्या त येत नाही. मधातच बंद केल्या त अजून जोरानं येते." ते विहिरीच्या काठावर बसले. "तुह्या मायले नोको सांगू. तिले सांगशीन त घरातून दुसरं मढं निंगन."

मी सांगितलं नाही. माय समजत राहिली की लांडग्यानं तिला फसवलं. पुनवेची चाल दाखवून अवसेला झडप घातली, असं ती काकूला सांगायची. काकू मान डोलवायची. डबा देव्हाऱ्यातच होता, उरलेल्या गोळ्यांसकट. बाबांचा एकट्याचा माग चालायचा. त्या आवाजाची सवय व्हायला फार काळ लागला. मला तर झालीच नाही.

पुढं ऐंशीच्या दशकात, बाबा थकलेले, माझं लग्न होऊन मी माहेरपणाला आलेली, तेव्हा एक दिवस दुपारी एक बाई दारात आली. बपेऱ्याकडून, तुमसरला एस.टी. बदलून आली होती. मायची दूरची कुणीतरी. सोबत तिची मुलगी, परकर-पोलक्यातली, एका हाताला चिंधी बांधलेली. चुलीपुढं बसली असताना फेफरं आलं आणि हात निखाऱ्यात गेला. "तुमच्या घरी होता म्हने हा रोग," बाई म्हणाली. "तुमाले मालूम असन काही. मी त हरून गेली बाई." ती रडत नव्हती. त्या वर्षी मायचं तोंड जसं झालं होतं, तसंच तिचं होतं.

मायनं मुलीला जवळ घेतलं, तिच्या तोंडावरून हात फिरवला, आणि देव्हाऱ्यातून डबा काढला. कितीतरी वर्षांनी मी तिला इतक्या उत्साहानं उठताना पाहत होते.

"रोज नोको देऊ, सुस्त पडन पोरगी," ती सांगायला लागली. "आधी पाह्य, कोन्या तिथीले येते. पुनवेले येत असन त चौदसीले सुरू कर. आंघोळ घालून देजो. पाडव्याले बंद. अवसेले…" ती जरा थांबली. "अवसेचा भरवसा नोको धरू."

आतला माग थांबला होता. मी बाबांकडं पाहिलं. ते खड्ड्यात बसून धोट्याकडं पाहत होते, वर बघत नव्हते. बाई पदराची गाठ सोडून त्यात डबा बांधायला निघाली होती. मुलगी तिच्या गुडघ्याला टेकून आमच्या मांजराकडं बघत होती. मला वाटत होतं बाबांनी बोलावं. ते बोलणार नव्हते.

"रोज द्यायच्या," मी म्हणाले.

"तू चूप," माय म्हणाली. "तुले काय मालूम?"

"रोज, माय. पुनव असो का अवस. एकही दिवस चुकवायचा नाही. ह्या जुन्या नोका नेऊ, दवाखान्यात जा अन् ताज्या घ्या. बाबांनी डॉक्टरले विचारलं होतं, तवाच. चंद्राचं काही नसते त्याच्यात."

माय माझ्याकडं पाहत राहिली. मग आत, मागाच्या दिशेनं पाहिलं. तिकडून 'नाही' असं कुणी म्हटलं नाही.

"रोज होत्या?" तिनं विचारलं.

"हाव."

"अन् थांबवल्या त?"

 ती हळूच ओसरीवर बसली. बाईच्या हातातून डबा तिनं परत घेतला आणि मांडीवर ठेवला. त्याचं झाकण उघडलं, लावलं, उघडलं. मला वाटलं ती किंचाळेल, कपाळ आपटेल, बाबांना शिव्या घालेल. मी तिच्याजवळ सरकले तर तिनं मला हातानं थांबवलं. मग ती उठली, चप्पल शोधली आणि बाईला म्हणाली, "चाल, तुले गाडीवर बसवून देतो. भंडाऱ्याले उतर, दवाखाना कोनीबी सांगन."

मीही मागे निघाले.  स्टँडवर भंडाऱ्याची गाडी लागलेली होती. बाई आणि मुलगी खिडकीशी बसल्या. मायनं खिडकीचा गज धरला.

"रोज देजो व बाई," ती म्हणाली. "रोज."

"हाव जी."

"झोपून राहिली, काम नाही केलं, तरी देजो. तिच्यावर कीव नोको करू."

गाडी सुरू झाली. कंडक्टर ओरडला, बाजूला व्हा. मायनं गज सोडला नाही, गाडीबरोबर चालायला लागली, मग तिला धावावं लागलं, आणि ती धावता धावता खिडकीत ओरडत होती, "रोज देजो! माह्यासारखं नोको करू! माह्या हातानं गेला व माहा पोट्टा!" स्टँडवरचे लोक बघत होते. गाडी वळली, तशी ती रस्त्याच्या मधोमध उभी राहिली. मी जाऊन तिचा हात धरला आणि तिला घरी आणलं.